दोरीचं दुसरं टोक

"आजोबा, हे काय आहे?"

तपासणीच्या पट्ट्यावरून बाहेर आलेल्या ट्रेमध्ये चष्म्याचं घर, पाकीट, कंबरेचा पट्टा आणि एक पांढरी सुती दोरी होती. पहारेकरीण ती दोरी दोन बोटांत धरून उभी होती. बुटाच्या लेसपेक्षा थोडी जाड, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

"नाडी," तो म्हणाला. "पायजम्याची."

"एवढी लांब?"

"पूर्वी पोट होतं."

रांगेत मागे कुणीतरी फसकन हसलं. पहारेकरणीनेही हसू दाबत दोरी ट्रेमध्ये टाकली. त्याने आधी दोरी खिशात घातली, मग पट्टा चढवला. पाकीट घ्यायचं तो विसरलाच होता. तिनेच हाक मारून दिलं.

विमानात त्याची जागा बोळाच्या कडेची होती. मधली रिकामी. खिडकीशी एक बाई आधीच ठाण मांडून बसल्या होत्या. बूट काढून सीटखाली, पायात लोकरी मोजे, मानेभोवती उशी, मांडीवर स्वतःचं पांघरूण. मुलीच्या बाळंतपणांसाठी त्यांच्या अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या आणि विमान सुटायच्या आत ते शेजारच्याला कळेल याची त्यांनी व्यवस्था केली.

"मधे कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

"मग बोलवा की. दारं लावतायत."

तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"बाबा, बसलात? पट्टा लावला? आता एकच काम करायचं, झोपायचं. ऐकताय ना?"

"ऐकतोय रे."

"इकडे पोचलात की डॉक्टरांना दाखवायचंच आहे. चांगली गोळी देतात, रात्रभर जाग येत नाही. शेजारी कोण आलंय?"

त्याने मधल्या सीटकडे पाहिलं. दोन्ही तिकिटं मुलाने आई असतानाच काढली होती. तिचं नंतर रद्द केलं. पण त्या जागेवर दुसरं कुणी आलं नव्हतं.

"कुणी नाही," तो हळूच म्हणाला.

खिडकीजवळच्या बाईंनी ते ऐकलं. त्यांनी मधल्या सीटवर टेकवलेली पिशवी उचलून गपचूप पायाशी ठेवली.

कामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. लिफ्ट दुरुस्तीला माणसं जोडीने जात. एक गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मधे इमारतीची सगळी उंची. हा उंच, सडपातळ म्हणून नेहमी वर. जोडीदार बुटका म्हणून खाली. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते आणि मोटरच्या घरघरीत हाक ऐकू जात नसे. म्हणून लिफ्टच्या पोकळीतून एक दोरी सोडलेली असायची. तिचं एक टोक वरच्याच्या मनगटाला, एक खालच्याच्या. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर घे. तीन म्हणजे खाली सोड. दोन आणि तीनमध्ये गफलत झाली तर शिव्या बसत, पण एकच्या बाबतीत गंमत नव्हती. एक आला की हातातलं काम जसं असेल तसं सोडायचं. का, कशाला, हे नंतर. आधी थांबायचं. हा नियम पाळला म्हणून खालचा धडधाकट निवृत्त झाला.

बायकोला या नावाची फार मजा वाटे. "लोक म्हणतात, वरच्याला सगळं दिसतं," ती शेजारणींना सांगायची. "माझ्या घरातल्या वरच्याला समोरच्या टेबलावरचा चष्मा दिसत नाही."

ती बोलकी होती. इतकी की ती माहेरी गेली की शेजारचे विचारत, रेडिओ बिघडलाय का. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ती खिडकीशी खाटेवर, हा खाली गादीवर. घंटी आणून दिली तर ती वाजवायला तिला लाज वाटे; म्हणे, म्हणजे हाताने म्हणे, मी काय शाळेतली शिपाई? तेव्हा त्याने ट्रंकेतून कामावरच्या दोरीचा हा तुकडा काढला. एक टोक तिच्या मनगटाला, एक आपल्या. दोन म्हणजे पाणी. तीन म्हणजे उठवून बसव. एक म्हणजे अर्थातच थांब. पण या एकाचे तिने बघता बघता दहा अर्थ केले. पुरे. गप्प बसा. काही नको. येऊ नका, आपलं सहज. पाहुण्यांसमोर हा अडकलेल्या लिफ्टच्या गोष्टी रंगवून सांगायला लागला की खाटेवरून एक हिसका येई आणि याचं वाक्य मधेच तुटे. पाहुण्यांना वाटे, म्हाताऱ्याला उचकी लागली. तिचे खांदे मात्र आवाजाशिवाय हसत राहत.

शेवटच्या दिवशी त्याला जाग आली ती डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. इतकं सलग आपण किती दिवसांत झोपलो नाही, हा पहिला विचार मनात आला, आणि तो त्याने पुढे स्वतःला कधी माफ केला नाही. दोरी त्याच्या मनगटापासून वर खाटेपर्यंत गेली होती. पण दुसरं टोक तिच्या हाताला नव्हतं. खाटेच्या पायाला बांधलेलं होतं. गाठ त्याची नव्हती. मुलाच्या बुटांना ती बांधायची तशी, दोन कानांची.

बोटं थरथरत असताना ती तिने कशी बांधली असेल, कोण जाणे. नीट, दोन्ही कान सारखे.

"आईने तुम्हाला झोपू दिलं, बाबा," मुलगा आल्यावर म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. ते वाक्य माशाच्या काट्यासारखं याच्या घशात बसलं ते बसलंच.

त्यानंतर रात्री डोळा लागला की हिसके यायचे. मनगटाला, स्पष्ट. कधी दोन, कधी तीन. दोन आले की तो उठायचा, पाणी कोमट करायचा, पेला घेऊन खोलीत जायचा आणि खाट होती तिथे उभा राहायचा. तीन आले की नुसताच उभा राहायचा. एक मात्र कधी आला नाही. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर भरलेल्या पेल्यांची रांग पाहून त्याने काही विचारलं नाही. फक्त, तुमचं तिकीट आहेच, चला तिकडे, म्हणाला.

तो निघाला खरा. पण दोन भीती बरोबर घेऊन. एक, त्या गोळीने हिसके थांबतील. दुसरी मुलाला सांगण्यासारखी नव्हती: घर सोडलं, जमीनही सोडली, तर तिला आपण सापडणार कसे?

जेवणाचे ट्रे गोळा झाले. बाहेर लख्ख दुपार होती, विमान सूर्याच्या मागे मागे चाललं होतं, आणि सेविकांनी खिडक्यांच्या झडपा पाडायला सुरुवात केली. बघता बघता भर दुपारी रात्र झाली. इंजिनाची घरघर तेवढी राहिली. मोटरच्या खोलीत असायची तशीच.

"भाऊ, असे नका बसू एसटीत बसल्यासारखे," खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या. "झोपायचं तर एक युक्ती सांगते. पांघरूण आधी घ्यायचं आणि पट्टा त्याच्यावरून लावायचा. पांघरुणाखाली पट्टा असला की विमान जरा हललं, ती पोरगी येणार आणि गदागदा हलवून विचारणार, पट्टा लावलाय का. वरून दिसला की ती आपली निघून जाते. कुणी उठवत नाही."

"मला उठवलं तर चालतं."

"असं कसं चालतं? झोपलेल्या माणसाला उठवण्यासारखं पाप नाही," असं म्हणून त्यांनी डोळ्यांवर पट्टी ओढली आणि बोलता बोलता झोपल्या. त्याला हेवा वाटला.

त्याने दोरी बाहेर काढली. एक टोक मनगटात अडकवलं. दुसरं हातात धरून जरा वेळ बसला, मग इकडे तिकडे पाहून मधल्या सीटच्या पलीकडच्या हाताला बांधलं. दोरी रिकाम्या जागेवरून सैल पडून राहिली. त्याने डोळे मिटले.

हिसके आले तेव्हा तो खोल कुठेतरी होता. दोन. आधी वाटलं, विमान हललं असेल. पण विमानाचं हलणं पाठीला कळतं. हे मनगटाला कळलं होतं.

"आलो," तो पुटपुटला आणि वेढा मनगटातून काढून उठला.

सेविका मागच्या पडद्याआड कप आवरत होती. "काही हवंय, आजोबा?"

"पाणी. कोमट चालेल का... म्हणजे कोमटच द्या. थंड तिला उतरत नाही."

"आजींना बरं नाही का?"

तो घुटमळला. "नाही... बरं आहे."

पेला घेऊन, अंधारात सीटच्या पाठी धरत धरत तो परत आला. आपल्या ओळीशी थांबला. पेला पुढे केला, इतके महिने करत होता तसा, आणि तसाच उभा राहिला. मधल्या सीटवर दोरी होती. पांघरुणाची घडी होती. बाकी काही नव्हतं. पेल्यातलं पाणी विमानाबरोबर थरथरत होतं.

खिडकीजवळच्या बाई जाग्या होत्या. पट्टी कपाळावर सरकवून त्या दोरीकडे बघत होत्या, मग पेल्याकडे, मग त्याच्याकडे.

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "कोण होतं?"

तो बसला. सांगायला फार काही नव्हतं. वर, खाली, दोरी; आवाज गेला; खाटेचा पाय; दोन कानांची गाठ. एरवी अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगायला त्याला यापेक्षा जास्त वेळ लागे.

"म्हणजे सोडली तिने. मुद्दाम."

"हो."

"आणि तुम्हाला वाटतं, ती एकटी पडली."

त्याने मान हलवली. मुलाला जे कधी सांगता आलं नव्हतं ते अनोळखी बाईने सरळ बोलून टाकलं होतं.

बाईंनी मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "तुम्ही घोरता का हो?"

"अं?"

"घोरता का, विचारतेय."

"ती म्हणायची. मोटर चालू झाली, म्हणायची."

"मग झालं तर. अहो, घरातली सगळी माणसं झोपलीत आणि आपण एकट्या जाग्या, असा वेळ बाईला फार कमी मिळतो. मुलं लहान होती तेव्हा मी मुद्दाम पडून राहायची तशी. हा घोरतोय, तो कूस बदलतोय. घर झोपलेलं ऐकायला बरं वाटतं. उठून बोलायला लागलं कुणी, की संपलंच." त्यांनी मानेची उशी ठाकठीक केली. "ती ऐकत असेल तुमची मोटर. तुम्ही उठला असतात तर बंद नसती का पडली?"

विमानाची घरघर चालली होती.

"ते पाणी पिणार आहात? नाही तर इकडे द्या. घसा पार कोरडा पडलाय."

पेला त्याच्या हातात घट्ट होता. इतक्या महिन्यांत तसल्या पेल्याला कुणाचे ओठ लागले नव्हते. त्याने तो रिकाम्या सीटवरून पलीकडे दिला. बाईंनी एका दमात संपवला, "कोमट आहे, बरं झालं," म्हणाल्या, पट्टी खाली ओढली आणि परत झोपल्या.

दोरीचं मोकळं टोक त्याच्या मांडीवर पडलं होतं. त्याने ते मनगटाकडे नेलं. थांबला. मग मधल्या सीटच्या अलीकडच्या हाताला त्याचा वेढा घातला आणि गाठ मारायला घेतली. हात सवयीने कामाची गाठ मारायला लागला, ती न सुटणारी. ती त्याने उलगडली. एक कान केला, त्याच्याभोवती दुसरा. पहिल्या खेपेला एक कान लांब झाला. सोडून परत बांधली. तिला ही जमली होती, अंधारात, त्या बोटांनी. त्याने दोन्ही कान सारखे होईपर्यंत ओढून नीट केले.

मग पांघरूण छातीपर्यंत घेतलं आणि पट्टा वरून लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

डोळे मिटल्यावर हात पांघरुणावर फारच हलका वाटला, घड्याळ काढून ठेवल्यासारखा. घरघर ऐकत तो पडून राहिला. कधीतरी ती लांब गेली. आता येतील, त्याला वाटलं. दोन येतील, किंवा तीन. उठायला अर्धा सावरूनच तो वाट पाहत होता.

मोकळ्या मनगटाला हिसका बसला.

दुसऱ्यासाठी त्याने श्वास धरला. दुसरा आला नाही.

का, कशाला, ते नंतर. तो थांबला.