आत्याच्या तेलाचा तास

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या घरात तिळाच्या तेलाचा वास सुटायचा. शाळेतून आले की चपला काढायच्या आधीच मला कळायचं, जयमाला आत्या आली आहे. बाबांची ही थोरली बहीण. तळेगावहून आकुर्डीला आमच्याकडे यायची आणि पाणीसुद्धा न पिता त्यांच्या पलंगाशी बसायची. तेल कोमट करून ती बाबांचं एकेक बोट धरायची आणि मुळापासून टोकापर्यंत ओढत सरळ करायची. सोडलं की बोट पुन्हा वळायचं. आत्या पुन्हा धरायची.

बाबांची गाडी चाकणच्या रस्त्यावर खडीवरून घसरली होती. सेकंड शिफ्ट करून येत होते. मानेतला मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि पाय गेले. हातांचं म्हणाल तर कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, पण बोटं नुसती आत वळून पडलेली.

हीच बोटं माझ्या वेण्या घालायची. आई फर्स्ट शिफ्टला जायची, म्हणून सकाळी माझं आवरायचं काम बाबांकडे. ते कंपनीत डिस्पॅचला होते, ट्रकवर ताडपत्री टाकून दोर आवळायचे. वेणीही तशीच आवळायचे. दिवसभर एक केस हलायचा नाही आणि माझ्या भुवया जरा वरच राहायच्या. चौथीतल्या बाई विचारायच्या, "स्वरूपा, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय तुला?" तेव्हा मी लाजून गप्प बसायचे. आता नववीत आहे, आता गप्प बसणं माझ्याच्यानं होत नाही.

तर तो तेलाचा तास. आत्याची बोटं चालायची तशी तोंडही चालायचं. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे ज्वारी कशी लागायची, राखणीला ती छोट्या बाबांना काखेत घेऊन कशी जायची, सगळं. आजी लवकर गेली, बाबांना आत्यानंच वाढवलं.

"पाखरं हाकायची सोडून ह्यो कणसाखाली झोपायचा," ती सांगायची.

"आणि तू चिमटे काढायचीस, ते सांग की आक्का."

"चिमटं काढल्याबिगर तू उठायचास व्हय?"

बाबा खुदकन हसायचे. आईसमोर ते फार जपून वागायचे, माझ्यासमोर मुद्दाम हसरा चेहरा करायचे. आत्यासमोर मात्र ते साधे धाकटे भाऊ असायचे. म्हणून मी वही उघडून त्याच खोलीत बसायचे. अभ्यास काही व्हायचा नाही.

आठवड्यातून तीनदा आम्ही चिंचवडच्या एका केंद्रात जायचो. तिथे तेजस्विनी मॅडम बाबांच्या मानेच्या मागे चिकटपट्ट्या लावून हलका करंट सोडायच्या आणि तो चालू असतानाच हाताचा व्यायाम घ्यायच्या. त्या म्हणायच्या, "मशीन काही उचलून देणार नाही, शेखरदादा. मेंदूचा निरोप मणक्यात अडकतो, त्याला हे मागून ढकलतं. काम तुमचंच." आणि खरंच, दिवाळीच्या आसपास बाबांनी मनगट वर उचललं, बोटं मिटली आणि प्लॅस्टिकचा ग्लास हातात राहिला. त्या दिवशी घरी शेवयाची खीर झाली.

मग ग्लास निसटायला लागला. आधी कधीतरी, मग रोज.

"घरी कुणी बोटं ओढून सरळ करतं का?" मॅडमनी विचारलं.

बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "नाही."

मी शेजारीच उभी होते. त्यांच्या नखांच्या कडांना कालचं तेल चमकत होतं.

मॅडमनी माझ्याकडे बघत समजावलं, "मनगट वर केलं की आतल्या शिरा दोरांसारख्या ताणल्या जातात, म्हणून बोटं मिटतात. बोटं उलटी ओढत राहिलं तर ते दोर सैल पडतात. फार सैल पडले तर परत ताठ व्हायचे नाहीत. वळलेली बोटं हा दोष नाही गं, तीच यांची पकड आहे."

परत येताना रिक्षात मी बाबांना म्हटलं, "कळलं ना?"

"दोर सैल पडला तर ताडपत्रीचं काय होतं, ते मला शिकवतेस? पहिल्याच वेळी सांगितलं होतं त्यांनी. तेव्हाच कळलं."

"मग आत्याला सांगत का नाही?"

"काय सांगू? मला वाढवलंस त्याच हातांनी माझा हात बिघडवतेयस, असं सांगू?" मग म्हणाले, "राहू दे. ग्लास तुझी आई धरते की तोंडाशी."

पण मला ते राहू द्यायचं नव्हतं. चार वाजता आत्यानं बाबांचं बोट धरलं तशी मी म्हणाले, "आत्या, ओढू नकोस. त्यानंच बाबांची पकड सुटतेय."

"स्वरूपा," बाबा म्हणाले.

"कोन म्हनलं?"

"मॅडम."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

बाबा आपल्या वळलेल्या बोटांकडे बघायला लागले. आत्यानं वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं, पदराला हात पुसले आणि चहा न घेताच गेली. बाबा माझ्याशी बोलेनात. रात्री आई एवढंच म्हणाली, "खरं तेच बोललीस. पण चहा होईपर्यंत तरी थांबायचंस."

पुढे आत्या आलीच नाही. चार वाजता घराला कसलाच वास नसायचा. मी एकदा बाबांना ज्वारीच्या राखणीची गोष्ट सांगा म्हटलं, तर म्हणाले, "ती आक्कालाच येते." बोटं कुणी ओढत नव्हतं, पण केंद्रात बाबा धड प्रयत्नही करत नव्हते. मी बरोबर होते, आणि तरी मला तो चुकीचा तास परत हवा होता.

एका शनिवारी मॅडम चिकटपट्ट्या लावत होत्या आणि दारात आत्या. लग्नाकार्याची साडी नेसलेली.

"मी ह्याची बहीन," ती मॅडमना म्हणाली. "बोटं वढनारी."

मॅडमना हसू आवरेना. "या, बसा."

"ह्यो करंट बटनाला हात लागल्यावर बसतो तसा हाय का?"

"नाही हो, अगदी हलका आहे."

"मग मला दाखवा काय करायचं ते. नुसतं करू नको म्हनलं तर मला जमत न्हाई."

मॅडमनी दाखवलं. मनगट वर, बोटं मिटू द्यायची. मनगट खाली, बोटं आपसूक उघडतात. आत्या शिकली, पण तिचा अंगठा बोटं सरळ करायला सारखा पुढे यायचा आणि ती स्वतःच तो मागे घ्यायची.

"आक्का, मी सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"व्हय, हवं हुतं. ल्हानपनी बी पायात काटा मोडला तरी गप बसायचा. मला लंगडं चालन्यावरनं कळायचं."

मॅडमनी मशीन चालू केलं. ग्लास बाजूला ठेवून त्यांनी आत्याची दोन बोटं बाबांच्या तळव्यात दिली. "उचला मनगट."

बाबांचं कपाळ घामेजलं. मनगट हळूहळू वर आलं आणि बोटं आत्याच्या बोटांवर मिटली. आत्यानं हात ओढून पाहिला. निघाला नाही. तिनं पुन्हा ओढला.

"बास झालं. सोड आता, मला गाडी गाठायची हाय."

"सुटत नाही गं."

"मनगट खाली घे, म्हंजी सुटंल," आत्या म्हणाली, जणू हे तिला जन्मापासून माहीत होतं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मनगट वरच ठेवलं.