सात मिनिटांचं घड्याळ

माझ्या कपाटावर एक किल्लीचं घड्याळ आहे, एक पाय वाकडा असलेलं. आता वर्ग नाही, तरी सवयीने मी त्याला रोज किल्ली देते.

पूर्वी ते हस्तकलेच्या वर्गात माझ्या टेबलावर असायचं. तास सुरू झाला की मी एखादं कोडं घालायचे. पुठ्ठ्याच्या तुकड्यातून आवाज काढा. कागद न चिकटवता उभा करा. सात मिनिटं! वेळ संपली की हातातलं जसं असेल तसं खिडकीत मांडायचं. वाकडं चालेल, अर्धवट चालेल. रिकामे हात चालायचे नाहीत.

त्या वर्गात एक मुलगी होती. काढण्यापेक्षा खोडण्यातच तिचा वेळ जाई, म्हणून पोरांनी तिचं नाव खोडरबर ठेवलं. पण घड्याळ लावलं की खोडायला सवडच नसे. एकदा मी म्हटलं, "भरलेली वाटी न सांडता भिंतीपासून दारापर्यंत न्या." सगळे मुंगीच्या पावलांनी निघाले. हिने पुठ्ठ्याला चार दोऱ्या लावल्या, वर एकत्र गाठ मारली, आत वाटी ठेवली आणि चक्क झोके देत नेली. थेंबही सांडला नाही.

वर्षाअखेरीस मात्र घरच्या कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू प्रत्येकाने स्वतः ठरवून करायची होती. मुदत दोन आठवडे. दुसऱ्या शनिवारी पालकांसमोर मांडायची. त्याआधीचा बुधवार उजाडला तरी हिच्या वहीचं पान खोडून खोडून फाटलेलं.

"बाई, माझं नाव काढून टाका. मला नाही जमणार."

"सात मिनिटांत जमतं, आणि दोन आठवड्यांत नाही?"

"तेव्हा घड्याळ असतं ना! वेळ मिळाला की मला सगळं भिकारच वाटतं."

"बाई, हिच्या गळ्यातच बांधा ते घड्याळ!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे खो खो हसले. मला मात्र पटलं. मी घड्याळ उचलून तिच्या दप्तरात घातलं. "रोज किल्ली द्यायची. सात मिनिटं काम, मग हात थांबव. मग पुन्हा सात."

शनिवारी ती आजोबांनाच घेऊन आली. त्यांचे हात थरथरायचे. चहा कपात कमी, चादरीवर जास्त. आज त्यांच्या हातात लाकडी फळीचा, चार दोऱ्यांचा पाळणा होता आणि त्यात काठोकाठ भरलेला कप. सगळ्या वर्गात मिरवून आले.

"आमच्या सूनबाईंचं चादरी धुणं सुटलं बुवा!" म्हणाले.

मी तिच्याकडे घड्याळ मागितलं. काटे थांबलेले होते.

"बिघडलं की काय गं?"

तिने जीभ चावली. "नाही बाई. गुरुवारी कामाला बसले, आणि किल्ली द्यायचीच राहिली."