प्रुइटच्या रानातल्या दोन टर्किणी

बर्ल रॅटलिफला पेटी बनवता येत नव्हती. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको डेल्फिया, दुसरी त्याची बहीण ओलेटा आणि तिसरा खुद्द बर्ल. त्यातला बर्ल आता ती विसरूनही गेला होता.

पेटी म्हणजे शिकारीत टर्की या रानपक्ष्याला साद घालायची लाकडी पेटी. वीतभर लांब, वरून उघडी, आणि एका टोकाला स्क्रूवर डुलणारं झाकण. झाकणाच्या पोटाला खडू फासायचा, ते पेटीच्या काठावरून हलकेच ओढायचं, की आतून टर्कीण बोलते. म्हणजे बोलायला हवी. बहुतेकांच्या पेटीतून बिजागरी बोलते. बाजूच्या फळ्या घासून घासून पातळ कराव्या लागतात. थोडं कमी घासलं तर पेटी मुकी, एक हात जास्त फिरला तर मेलेली. ते कुठं थांबायचं हे डेल्फियाच्या बोटांना कळायचं. घरामागच्या शेडमध्ये ती लाकडाच्या भुशात बसायची, आणि ओट्यावरच्या झुलत्या खुर्चीत बसून बर्ल गावभर सांगायचा, की या वर्षी माझा हात जमून आलाय. प्रत्येक झाकणावर तापल्या लोखंडाने भाजून उठवलेलं नाव असायचं: बर्ल रॅटलिफ. हार्डवेअरच्या दुकानात तो टेबल टाकून बसायचा, लोक येऊन त्याचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, काय बोटं आहेत! ती बोटं आयुष्यात भजी उचलण्यापलीकडे कशाला लागली नव्हती. नाव लावायला हात लागत नाहीत, तोंड लागतं. ते देवाने बर्लला दोन माणसांचं दिलं होतं.

वसंतातला शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी डेल्फियाने जेवताना विषय काढला.

"या वर्षी झाकणावर माझं नाव येणार."

बर्लने मक्याचा पाव ताकात कुस्करला. "कसलं नाव?"

"डेल्फिया. अख्खं. नुसतं आद्याक्षर नाही."

"अगं, बाईने केलेली पेटी घेतंय कोण? लोक म्हणतील, हिला शिकारीतलं काय कळतं! तू कधी एक तरी नर समोर बोलावून आणलायस?"

"कधी आणू? हंगाम उघडला की पहाटेपासून तुझ्या दोस्तांना भट्टीतली मऊ बिस्किटं आणि रस्सा कोण वाढतं? तुझी आई?"

"आईला मध्ये आणू नकोस. ती स्वर्गात आहे."

"हो, तिथं तरी तिला कुणी वाढत असेल."

बर्ल खो खो हसला. माणूस वाईट नव्हता, एवढंच त्याच्याबद्दल बरं सांगता येईल. हसून झाल्यावर त्याने चमचा रोखला. "ऐक. उद्या तू जा. तुझ्या पेटीवर एक नर बोलावून दाखव. दाखवलास, तर मी स्वतः लोखंड तापवून तुझ्या हातात देतो. नाही जमलं, तर हा विषय माझ्या ताटाजवळ पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल. आणि बिस्किटं तुझी तू भाज."

आता यात क्लोव्हिस कसा आला ते सांगायला हवं. क्लोव्हिस हा बर्लच्या बहिणीचा, ओलेटाचा नवरा. बर्लच्या पेट्यांची सगळ्यात मोठी निंदा करणारा. "झुलत्या खुर्चीखाली मांजराचं शेपूट सापडावं तसा आवाज," असं तो चर्चच्या पायरीवर उभा राहून सांगायचा. गेल्या नाताळात ओलेटाने त्याला एक बिननावाची पेटी भेट दिली आणि म्हणाली, टेनेसीहून मागवलीय. त्या दिवसापासून क्लोव्हिस टेनेसीचा भक्त झाला. "याला म्हणतात पेटी! आपल्या ओझार्कच्या डोंगरात हे कुणाच्या बापाला जमायचं नाही!" तो असं म्हणाला की ओलेटा आणि डेल्फिया एकमेकींकडे बघायच्या नाहीत. बघितलं असतं तर दोघी जागीच लोळल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे डेल्फिया शेजारच्या प्रुइटच्या रानातल्या डोंगरधारेवर एका जाड ओकला पाठ लावून बसली. मांडीवर बापाची जुनी बंदूक, हातात चेरी आणि अक्रोडाच्या लाकडाची नवी पेटी. डॉगवूडची पांढरी फुलं अंधारातून एकेक करून वर येत होती. ती इतकी खूश होती की तिला स्वतःचीच भीती वाटली. आपण आत्ता मोठ्याने गायला लागू, असं तिला वाटलं.

खालून घुबड ओरडलं. ते घुबड नव्हतं, बर्ल होता; हंगामाचा पहिला दिवस तो थोडाच सोडणार! घुबडाच्या आवाजावर नर चिडून ओरडतो आणि कुठल्या झाडावर आहे ते कळतं, म्हणून सगळेच घुबड होतात. पण बर्लच्या घुबडाला कायम सर्दी असते. तरी समोरच्या झाडावरून उत्तर आलं. गळगळगळगळ! डेल्फियाच्या अंगावर काटा आला.

तिने झाकण ओढलं. तीनच हाका, झोपेतून उठल्यासारख्या. खरं तर रानात मादी चालत नराकडे जाते. पेटीवाल्याला उलटी गंगा वाहवायची असते. नर पंख फडफडवत खाली उतरला आणि ओरडला. जवळ ओरडला.

आणि तेवढ्यात डावीकडून बर्लची पेटी बोलली.

डेल्फियाने ती लगेच ओळखली. मागच्या पावसाळी मार्चमध्ये केलेली, तिसऱ्या हाकेला जरा घोगरी. उजवीकडून तिला उत्तर आलं, लांब, लाडिक, शेवटी मधासारखं ओघळणारं. ही क्लोव्हिसची टेनेसी! म्हणजे तोही इथंच आला होता.

डावीकडची बोलली. उजवीकडची तिला मध्येच तोडून बोलली. डावीकडची चिडली. उजवीकडचीने नखरा केला. डेल्फियाने तोंडात बाही कोंबली. दोघांनाही वाटत होतं की समोर खरी टर्कीण आहे, आणि जिथं इतकी गोड टर्कीण तिथं नर येणारच. म्हणून दोघेही एकमेकांच्या दिशेने सरपटत होते. डावीकडे झुडूप हललं, थांबलं, मग त्यातून एक हात आला, जमिनीवरचं रानअळंबं उचलून खिशात घालून परत गेला. बर्ल स्वर्गाच्या दारात पोटावर जात असला तरी अळंबं सोडणार नाही.

मधोमध मात्र नर आला. खराखुरा. पिसारा उघडलेला, डोकं लाल, कपाळ पांढरंफटक, छाती अशी काढलेली की जणू काऊंटीची निवडणूक जिंकलाय. डेल्फियाने बंदूक उचलली. झाकणावर आपलं नाव तिला दिसायला लागलं, अक्षर न् अक्षर, धूर येत असलेलं. आणखी चार पावलं, बाळा. ये.

बर्लला शिंक आली.

ती त्याने दाबली, पण नाक पुसायला रुमाल काढला. लाल रुमाल! झुडपाआडून काहीतरी लाल, डोक्याएवढं, वरखाली हलत होतं. उजवीकडच्या गवतातून क्लोव्हिसच्या बंदुकीची नळी हळूहळू त्या लालावर वळली.

नर समोर होता. दोन पावलं राहिली होती. गप्प राहिली तर नाव तिचं. डेल्फियाने एक क्षण विचार केला, हे पुढे तिने कुणापासून लपवलं नाही. पुरता एक क्षण. मग ती छाती फोडून ओरडली:

"क्लोव्हिस! नळी खाली! ती टर्की नाही, तो माझा नवरा शेंबूड पुसतोय!"

नर असा पळाला की पाचोळा उशिरा उडाला. गवतातून क्लोव्हिस उभा राहिला, कागदासारखा पांढरा. झुडपातून बर्ल उभा राहिला, गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत चिखल, हातात रुमाल. आपण किती थोडक्यात वाचलो हे त्याला कळलं नव्हतं. त्याला दुसऱ्याच गोष्टीचा राग होता.

"काय गं बोंब मारलीस! समोर टर्कीण होती! खरी!"

"माझ्यासमोरही होती!" क्लोव्हिस बंदूक खाली ठेवत म्हणाला. "अर्धा मैल सरपटलो तिच्यामागे. जराशी घोगरी, पण काय ठसका! असली बाई... टर्कीण मी जन्मात ऐकली नाही."

"माझी घोगरी नव्हती. माझी मध होती. शेवटच्या हाकेला तर माझ्या डोळ्यात पाणी आलं. असला आवाज लाकडातून निघणं शक्य नाही, लिहून घे."

"शक्यच नाही," क्लोव्हिस म्हणाला.

डेल्फियाने दोघांना मनसोक्त बोलू दिलं. खड्डा आणखी खोल व्हावा म्हणून वाट पाहणं हीसुद्धा एक कला आहे. मग ती म्हणाली, "क्लोव्हिस, पेटी वाजव."

क्लोव्हिसने वाजवली. बर्लचं तोंड उघडं राहिलं.

"आता तू, बर्ल."

बर्लने वाजवली. क्लोव्हिस मटकन खाली बसला.

"तुझी होती ती?" क्लोव्हिस म्हणाला. "तुझी? मांजराची?"

पण बर्लचं लक्षच नव्हतं. त्याने क्लोव्हिसच्या हातातली पेटी घेतली, उलटी केली, सुलटी केली, काठावरून अंगठा फिरवला. "टेनेसीवाले काय लाकूड जाणतात रे! बघ, बाजू किती पातळ आणली आहे. मेलो तरी मला हे जमणार नाही. हा माणूस देव आहे, देव."

"तो माणूस रोज तुझे मोजे धुतो," डेल्फिया म्हणाली.

बर्लची नजर आपोआप स्वतःच्या बुटांकडे गेली.

"झाकणाच्या पोटात बघ," ती म्हणाली, "स्क्रूच्या डाव्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ आहे. ती काढली असती तर आवाज गेला असता, म्हणून ठेवली."

बर्लने झाकण वळवलं. गाठ होती. क्लोव्हिसने गाठीकडे पाहिलं, मग डेल्फियाकडे, मग बर्लकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू नाताळ उगवला.

"थांब थांब. पेट्या तू बनवतोस ना? मग स्वतःच्या घरची पेटी तुला ओळखू येत नाही? आवाजानेही नाही, हातात घेऊनही नाही?"

"मी..." बर्ल म्हणाला. त्याने पेटीवरचा खडू अंगठ्याने पुसला. "मी खडू आणतो."

क्लोव्हिस आडवा झाला. पालापाचोळ्यात पडून, पोट धरून, पाय झाडत हसला. "खडू आणतो! ओलेटा, तू इथं असायला हवी होतीस! हा खडू आणतो!"

"आणि तू रे," डेल्फिया म्हणाली, "तू मांजराच्या शेपटामागे अर्धा मैल सरपटलास. ओझार्कच्या मांजराच्या. मधासारखी टेनेसी हातात असून."

क्लोव्हिसचं हसू अडकलं, पण थांबलं नाही. तो आता स्वतःलाच हसत होता, आणि ते जास्त जोरात येतं.

बर्लने रुमालाची घडी केली, मोडली. शेवटचा किल्ला लढवायला हवा होता. "तरी पैज ती पैज. नर आणून दाखवायचा होता. आला कुठं?"

"आला होता," डेल्फिया म्हणाली. "त्याच्यात आणि तुझ्यात मी तुला निवडलं. वेडी म्हणून."

बर्लने पहिल्यांदाच क्लोव्हिसच्या बंदुकीकडे पाहिलं. मग हातातल्या लाल रुमालाकडे. त्याचा चेहरा उतरला, ते चिखलाखालीसुद्धा दिसलं.

"जळो हा रुमाल," तो म्हणाला, आणि रुमाल बुटाखाली घालून मातीत दाबला. "घरी गेल्यावर लोखंड तापवतो. अख्खं नाव."

"ते मी भाजणार. तू फक्त तापवायचं."

"फक्त तापवतो."

"आणि हार्डवेअरच्या टेबलावर कोण बसणार?"

बर्लने मान खाली घातली. "तू. मी कॉफी आणतो."

"खडू पण आण!" जमिनीवरून क्लोव्हिस किंचाळला, आणि मग तिघेही सुटले. डेल्फिया ओकला धरून हसली, बर्ल खिशातली अळंबी चुरडेपर्यंत हसला. सगळं रान त्या हसण्याने दणाणलं.

धारेपलीकडून एकदम आवाज आला. गळगळगळगळ!

मोठा आवाज झाला की नराला राहवत नाही, मग तो घुबडाचा असो की माणसाच्या हसण्याचा. तिघेही जागच्या जागी गप्प झाले.

डेल्फियाने ओठांवर बोट ठेवलं आणि ओकच्या बुंध्याशी परत बसली. "पडा दोघंही तिथंच," ती कुजबुजली. "सरपटायची सवय झालीच आहे. आणि बर्ल, शिंकलास तर या वेळी मी क्लोव्हिसला थांबवणार नाही."

तिने झाकणाच्या पोटाला खडू फासला, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा. मग ओढलं. एक हाक, दुसरी, तिसरी.

नर पुन्हा ओरडला. या वेळी धारेच्या अलीकडून.