चाकाला दगड

गाडी सुरू झाली, पण जागची हलेना. हरिभाऊंनी गिअर टाकून क्लच सोडला, तशी पिकअप मागून खाली बसली आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. काचेवरची झेंडूची माळ घसरून बॉनेटवर पडली.

"काय झालं मामा?" केवलरामनं विचारलं. हरिभाऊंच्या थोरल्या बहिणीचा, कमलताईंचा हा मुलगा. गावाहून सोळा किलोमीटर सायकल मारत आला होता, मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेला.

"मागचे ब्रेक चिपकले," हरिभाऊ म्हणाले.

"आता कसं? मायले काल रातपासून उलट्या-जुलाब सुरू हायेत. डोळे खोल गेले मामा. पाणी बी पोटात राहून नाही राहिलं. डाक्टर म्हणे सलाईन लावा, अन् सलाईन तर भिलाईलेच."

"बैलगाडी?"

"बैलगाडी चाकापर्यंत रुतते. तुमचीच गाडी येते आमच्या रस्त्यानं, तुमाले मालूम हाये."

दिवस नेमका विश्वकर्मा पूजेचा. त्या काळी या दिवशी भिलाईत यंत्र म्हणून हलत नसे. ट्रक, टेम्पो, गल्लीतली सायकलसुद्धा धुऊन-पुसून, कुंकू लावून उभी. शेजारचा लहानू दोन ठिकाणी गाडी विचारून हात हलवत परत आला. एका ठिकाणी ड्रायव्हर नव्हता, दुसऱ्या ठिकाणी होता, पण उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता.

हरिभाऊ गाडीखाली शिरले. हँडब्रेक त्यांनी सोडला होता, पण आता सोडून काय उपयोग? पावसाळ्यात भाडी नसल्यानं गाडी आषाढापासून तीन महिने उभी होती आणि तो ओढलेलाच होता. पावसाच्या ओलीनं ब्रेकचे आतले लाइनर, म्हणजे घासपट्ट्या, गंजून चाकाच्या ड्रमला धरून बसले होते. पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये, चाकाला दगड लावावा, हे भिलाई-३ या वस्तीतल्या निम्म्या ड्रायव्हरांना हरिभाऊंनीच शिकवलं होतं. आणि हरिभाऊंना शिकवलं होतं ताईनं, सात वर्षांचे असताना. "हरी, बैल सोडाच्या आंधी चाकाले दगड लाव. गाडी कोनाची नसते." आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं.

मग ओढला का? रागानं ओढला. आषाढात, मेव्हण्यांच्या वर्षश्राद्धाला ते ताईला कायमचं आपल्या घरी घेऊन यायला गेले होते. चार माणसांसमोर ती म्हणाली, "भावजयीच्या चुलीवर हात शेकाले मी नाही येत. तू आपले नटबोल्ट सांभाळ." माणसं हसली. हरिभाऊ न जेवता परतले. अंगणात गाडी उभी केली आणि हँडब्रेक असा खेचला की त्याचे दाते करकरले. राखीलाही गेले नाहीत. काल पूजेसाठी गाडी धुतली, इंजिन फिरवून पाहिलं. जागची मात्र हलवली नाही.

"हातोडा द्या इकडं," गाडीखालून ते म्हणाले.

कुणी हललं नाही. पाटावर सगळी हत्यारं मांडलेली होती. हातोडा, पाने, जॅक. हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, पुढं नारळ.

"अहो, आज हत्याराले हात नाही लावत," सुहासिनी, त्यांची बायको, दबक्या आवाजात म्हणाली. "अपघात होते म्हणते. वर्साचं नुसकान करून घेता काय?"

हरिभाऊ बाहेर आले, पाटाला हात जोडले आणि हातोडा उचलला. सुहासिनीनं तोंड फिरवलं.

उजवा ड्रम तासाभरात निघाला. डावा काही केल्या निघेना. आतला ॲडजस्टर ढिला केला, कडेनं रॉकेल सोडलं, भोवताली ठोकून पाहिलं. ड्रमच्या अंगच्या दोन भोकांत बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो, असे थोडेथोडे पिळले, म्हणजे ड्रम बाहेर ढकलला जातो. दोन सूत फट दिसली. "येते, येते!" केवलराम ओरडला. तेवढ्यात बोल्टचं डोकं कटकन तुटलं, पाना सुटला आणि हरिभाऊंची बोटं स्प्रिंगच्या पट्ट्यांवर सोलली.

बारा वाजले होते. ऊन अंगणभर झालं.

"मामा, मी जातो परत. माय एकटी..."

"जाऊन काय करशीन? थांब म्हनतो ना!" ते खेकसले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "निघ रे माय. निघ. पाया पडतो तुह्या." लोखंडाला म्हणत होते की कुणाला, त्यांनाच ठाऊक.

सुहासिनी आतून आली. तिच्या हातात स्वयंपाकघरातला पेटता स्टोव्ह होता. तिनं तो ड्रमखाली सरकवला. मग पाटावरचा मोठा घण उचलला, त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं धरला.

"ठोका. पाप लागलं तर मले लागन."

ड्रम तापला. हरिभाऊंनी घण फिरवला. सातव्या की आठव्या घावाला आत काहीतरी कण्हलं आणि ड्रम, लाइनर पोटाशी धरूनच, जमिनीवर पडला.

नवे लाइनर घालायला सवड नव्हती. त्यांनी मागच्या ब्रेकची नळी चिमटून बंद केली, चाकं चढवली. पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर जायचं. निघताना सुहासिनीनं घोंगडी आणि उकळलेल्या पाण्याची कासंडी मागं ठेवली. "ताईले म्हना, चूल तुमचीच हाये. मी हात शेकाले येते."

सडक संपून शेतांचा रस्ता लागला. केवलराम एका हातानं दार धरून पुढं पाहत होता. नाल्याच्या उतारावर येताच तो म्हणाला, "ते पाहा मामा! खाट घेऊन आले. आपल्याकडंच आणून राहिले मायले!"

नाल्यापलीकडं चार माणसांच्या खांद्यावर खाट होती. मागून एक बाई चालत होती. तिच्या हातात छत्री होती, मिटलेली. एवढ्या उन्हात मिटलेली.

हरिभाऊंनी गाडी थांबवली. त्यांना माणसांच्या पाठी दिसत होत्या. खाट नाल्यापर्यंत येऊन गेली होती. आता ती गावाकडं चालली होती.

केवलरामला ते उशिरा कळलं. कळलं तसा तो दार उघडं टाकून पाण्यातून धावत सुटला.

हरिभाऊंनी सवयीनं हँडब्रेक ओढला. तो काडीसारखा हलका वर आला. खाली धरायला काहीच उरलं नव्हतं. गाडी उताराला हळूच सरकू लागली. त्यांनी पाय ब्रेकवर रोवला, गिअरमध्ये टाकून इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. काठावर शोधून एक चांगला बसका दगड आणला, पुढच्या चाकाखाली सारला, टाचेनं दोनदा ठोकून घट्ट केला.

मग त्याच्याशेजारी चपला काढल्या आणि ते पाण्यात उतरले. पलीकडं खाट थांबली होती. डाव्या अंगाचा माणूस बाजूला होऊन त्यांच्यासाठी खांदा मोकळा करत होता.