मधले दोन फेरे

तिनं कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली सरकवलं आणि दोरा तोडला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

कात्री गोधडीच्या घडीखाली ढकलून ती उगाचच उशीचा अभ्रा सारखा करू लागली. बाबा दारात आले. केस कापायला म्हणून निघालेले, छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते. खुंटीवरची छत्री काढताना ते पलंगापाशी क्षणभर थांबले. पलंगभर आईची गोधडी पसरलेली होती.

"मला उशीर होईल," ते म्हणाले. "केस, दाढी, मग डेपोत दोघातिघांना भेटून येईन. धाकटा चारला गाडी घेऊन येतोय. तोवर तुझं चालू दे."

"माझं काय चालायचंय? आवराआवर करते."

"तेच म्हणतो मी."

पावलं जिना उतरून गेली. ती खालचं फाटक वाजेपर्यंत थांबली आणि मग तिनं पुन्हा कात्री काढली.

आईला जाऊन महिना झाला होता. आज संध्याकाळपासून बाबा तिच्या धाकट्या भावाकडे राहणार होते, आणि हे घर मालकाला परत जाणार होतं. भांडी, कपाट, आईचं शिवणाचं मशीन, कशाबद्दलच बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. दोन बॅगा भरल्या आणि म्हणाले, ही गोधडी तेवढी वरती ठेव, ती मी मांडीवर घेऊन बसेन.

आई गोधडी कडेकडेनं शिवायला घ्यायची. चारी बाजूंनी एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरा, असे चौकोनात चौकोन घालत ती मधोमध यायची. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, आणि दोन टाक्यांमध्ये तेवढीच जागा. या गोधडीचेही बाहेरचे सगळे फेरे पट्टी लावून बघावेत असे होते. पण अगदी मधले, वीतभर लांबीरुंदीचे दोन फेरे बघवत नव्हते. टाका कुठे गव्हाएवढा, कुठे बोटाच्या पेराएवढा. ओळ झोकांड्या खात गेलेली. आतला फेरा तर अर्ध्यावरच सोडलेला.

शेवटच्या दोन महिन्यांत आईचे हात फार थरथरायचे. त्या दिवसांत ती स्वतः इथे नव्हती. फोनवर आई म्हणायची, बरी आहे गं, शिवतेय. ती थरथर बाबांनी रोज अंगावर घेऊन झोपायचं, हे तिला सहन होत नव्हतं. आणि आईलाही झालं नसतं. वाकडा टाका दिसला की उसवायचा, उद्या नाही, आत्ता, हा या घरातला कायदा होता. नऊ वर्षांची असताना तिनं एका रुमालाची कड सात वेळा उसवली होती. शेजारणी आईबद्दल म्हणायच्या, हिच्याकडे नीट शिवलेलं घालूनच जावं, नाहीतर चहा राहतो बाजूला आणि आपली बाहीच उसवली जाते.

दर तिसरा टाका वरून कापायचा, गोधडी उलटवायची आणि खालून दोरा ओढून घ्यायचा. तासाभरात दोन्ही फेरे निघाले. मग आईच्याच पद्धतीनं ती सुईची भोकं नखानं घासून बुजवू लागली. जुनं मऊ कापड लगेच मिटतं. एक बाजू मिटवून झाली तेव्हा दार लोटून सिस्टर आत आल्या. वरच्या मजल्यावरच्या या निवृत्त सिस्टरच रोज सकाळी येऊन आईला इंजेक्शन देत असत.

"माझं बीपीचं मशीन राहिलंय बघ इथे. तुमचं घर बंद झालं की मग शोधत…" त्या बोलता बोलता थांबल्या. "हे कुणी उसवलं?"

"मी. शेवटी शेवटी आईचा हात स्थिर नव्हता ना, म्हणून म्हटलं…"

"आईचा हात?" सिस्टर पलंगाच्या कडेला टेकल्या. "अगं, तिला चमचा धरवत नव्हता. सुई कुठून धरणार? तुझ्या बाबांचे टाके होते ते."

तिनं घासणारं नख कापडावरून उचललं.

"मी यायचे तेव्हा चाललेलंच असायचं. ती उशांना टेकून हुकूम सोडणार आणि हे खुर्चीत बसून पाळणार. सुई अशी धरायचे की जणू बसचा टायर बदलायचाय. एकदा मला म्हणते कशी, बघा हो सिस्टर, छत्तीस वर्षं यांनी बस सरळ चालवली आणि वीतभर दोरा सरळ नेववत नाही. मला इतकं हसू आलं, हातातली सिरिंज बाजूला ठेवावी लागली."

"मला कुणीच बोललं नाही."

"तुला कसे बोलतील? मलाच बजावलं होतं त्यांनी, डेपोत कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणून." सिस्टरांनी कापडावर हात ठेवला, पुन्हा उचलला. "किती उसवलंस?"

"सगळं."

सिस्टर उठल्या. मशीन काखेत मारून जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं.

दोऱ्याचे तुकडे ताटलीत पडले होते. ते एकापुढे एक लावण्याचा वेडेपणा तिनं थोडा वेळ करून पाहिला. मग ती उठली आणि गोधडी ओढत खिडकीपाशी घेऊन गेली. उजेडात कापड तिरकं धरलं.

भोकं होती. मिटवलेली बाजू सोडून बाकी सगळी जागच्या जागी होती.

घड्याळात सव्वा वाजला होता. तिनं त्याच रंगाचा दोरा ओवला आणि पहिल्या भोकात सुई घातली. जिथे बाबांची सुई गेली होती तिथूनच घालायची, जिथून वर आली होती तिथूनच काढायची. एके ठिकाणी तीन भोकं एकमेकांना चिकटून होती; तिथे ते चुकले होते, पुन्हा चुकले होते, आणि मग जमलं होतं. एका कोपऱ्यावर ओळ भलतीच वर चढून पुन्हा खाली आली होती, जणू ऐनवेळी कुणीतरी ओरडलं, वळवा, वळवा. ती हसली आणि लगेच सुई बोटात घुसली. रक्ताचा थेंब कापडावर पडायच्या आत तिनं बोट तोंडात घातलं.

अडीच वाजता उरली ती मिटवलेली बाजू. तिथे काहीच दिसत नव्हतं. तिनं अंदाजानं टाके घातले. सरळ पडले. काढले. मुद्दाम वाकडे घालायचे ठरवले तरी तिसऱ्या टाक्याला हात आपोआप ओळीवर यायचा. तीस वर्षांची सवय एका दुपारी कशी मोडणार? जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, तिनं गोधडी चटकन दुमडली. पावलं वर गेली. शेवटी तिनं सुई डाव्या हातात घेतली.

शेवटची गाठ मारली आणि बाबा आत आले. केस बारीक कापलेले, मानेवर पावडर. छत्री खुंटीला लावून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी गोधडी मांडीवर ओढून घेतली. चष्मा लावला. पंजा मधोमध ठेवून ते एकेका फेऱ्यावरून बोट फिरवू लागले. ती बॅगेचे पट्टे आवळत राहिली. आधीच आवळलेले होते.

बोट डाव्या हाताच्या टाक्यांवर आलं आणि थांबलं.

"एवढा काही मी वाईट नव्हतो," बाबा म्हणाले.

तिनं पट्टा सोडला. "मी उसवलं होतं, बाबा. मला वाटलं आईचे आहेत. सिस्टरांनी सांगितलं तेव्हा…"

"उसवलंस ते ठाऊक आहे. सकाळी कात्री काय मला दिसली नाही? म्हणून तर मुद्दाम उशीर लावला." त्यांनी चष्मा काढला. "परत कशाला घातलेस?"

ती ताटलीतले दोरे मुठीत गोळा करू लागली.

"तुझ्या आईनं तीनदा सांगितलं होतं, उसवा," बाबा म्हणाले. "त्या संध्याकाळी. पहिल्यांदा हसून, मग नुसतंच, मग जरा चिडून. मी दमलो होतो. मी म्हटलं, मरायला टेकलीस तरी टाके कसले मोजतेस." ते गोधडीशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "असं म्हटलं मी. सुई टाकली आणि खाली जाऊन बसलो. वर आलो तर झोपली होती. पहाटे हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे काही बोलणं झालं नाही."

खाली हॉर्न वाजला. तिनं खिडकीतून वाकून बघितलं. धाकटा गाडीतून उतरून वर बघत होता.

"ताई, येऊ का बॅगा घ्यायला?"

"थांब जरा."

"किती वेळ?"

"माहीत नाही. चहा पिऊन ये तू."

ती वळली तेव्हा बाबा कात्रीनं टाके तोडत होते. दर तिसरा, वरून. मग उलटवून खालून दोरा ओढला. हे त्यांना कुणी शिकवलं असेल, ते विचारायची गरज नव्हती. दोन्ही फेरे निघाल्यावर त्यांनी नखानं कापड घासलं आणि न बघता तिच्यापुढे सुई धरली. तिनं दोरा ओवून दिला.

पहिला टाका छोटा पडला. दुसराही. तिसरा लांबला, आणि चौथा ओळ सोडून वर गेला. बाबांचा हात थांबला. वाकवलेल्या मानेवर वस्तऱ्याचा बारीक लाल ओरखडा होता. असू दे, बाबा, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. ते ऐकण्यासाठी आपले बाबा थांबलेले नाहीत, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"उसवा," ती म्हणाली.

"कुठून?"

"तिसऱ्यापासून."

बाबांनी मान हलवली आणि सुईच्या टोकानं ते टाके सोडवू लागले.