उपासाचा दोष

डोक्याला मार लागला तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं गोरक्ष सरांचं ठाम मत होतं. सायखेड्याच्या शाळेत अठरा वर्षं ते पोरींना कबड्डी शिकवत होते. पोरगी पडली की बुक्कीनं कांदा फोडायचा, नाकाशी धरायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि पाठीत धपाटा घालून परत मैदानात ढकलायची. झालं काम. कांद्याच्या मुलखात औषधाला काय तोटा?

त्यामुळे २००६ साली नाशिकला प्रशिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर लागलं, तेव्हा ते गेले ते निव्वळ नाइलाजानं. दुपारचं जेवण बरं असतं म्हणे, एवढीच आशा.

जेवणाआधी एक तरुण डॉक्टरीणबाई बोलायला उभी राहिली. डोकं आपटलं की आत मेंदू हिंदकळतो, म्हणाली. वरून खरचटलेलंही दिसत नाही. मूल तेच तेच विचारतं, उजेड सोसत नाही, ओकारी येते. "अशा मुलाला त्या दिवशी खेळवायचंच नाही. बरं होण्याआधी दुसरा मार बसला, तर ते आयुष्यातून उठतं."

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. "मॅडम, असं बसवत गेलो तर संघात उरंल कोण?" गोरक्ष सर हसले नाहीत. त्यांना नऊ वर्षांपूर्वीची एक पोरगी आठवली.

मैना. सत्त्याण्णव सालची जिल्ह्याची स्पर्धा. सकाळच्या सामन्यात तिघींनी तिची पकड केली आणि डोकं दाणकन जमिनीवर आदळलं. उठून बसली नि म्हणाली, "सर, कितवा हाफ चालू हाय?" त्यांनी सांगितलं. लगेच पुन्हा, "सर, कितवा हाफ?" सरांनी तिला वेड्यात काढलं, कांदा हुंगवला. पोटात नुसता चहा होता, तोही ती ओकली. तरी दुपारी फायनलला सरांनीच तिला उतरवलं. चढाईला तिच्यासारखी दुसरी होतीच कुठं? पहिल्याच पकडीत पडली ती उठली नाही. महिनाभर दवाखाना झाला. जीव वाचला, पण पोरगी हातची गेली.

तेव्हा तिची आई बयाबाई सरांना विचारायला आली होती, नेमकं झालं काय. आणि या शहाण्या माणसानं काय सांगावं? "गुरुवारचा उपास होता ना तिला? उपाशीपोटी चक्कर आली, म्हणून आपटली." दहावी निघावी म्हणून तो उपास बयाबाईनंच धरायला लावला होता. सरांना तेव्हा ते खरं वाटलं होतं का? थोडं वाटलं होतं. बाकी सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बयाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. तिनं चहा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"बयाताई, सकाळीच लागलं होतं तिला. ओकलीसुद्धा होती. तरी मी उतरवलं. उपासाचं काही नव्हतं."

बयाबाईनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "नऊ वर्षं झाली, देवापुढं दिवा लावला नाय मी. आपल्या हातानं लेक मारली म्हून. तिचा बाप मला हाच बोल लावून घर सोडून गेला."

"मला माफ करा."

"तुमी सांगून मोकळे झाले. आता तिला सांगा. घरात रोज उपासाचंच ऐकून तिच्या डोक्यात तेवढंच बसलंय."

आतल्या खोलीत खिडकीला गोणपाट लावलं होतं. खाटेवर चोवीस वर्षांची मैना डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. सरांनी तिला सगळं सांगितलं, सावकाश, एकेक करून. तिनं नीट ऐकलं.

"म्हंजे आईचा दोष नाय?"

"नाही गं. माझा."

मैनानं आईचा हात धरला. बयाबाईला रडू आवरेना. थोड्या वेळानं मैना म्हणाली, "आई, त्या दिवशी तू मला उपाशी का ठेवलं?"

बयाबाईनं डोळे पुसले आणि सरांकडं पाहिलं.

"तिच्या ध्यानात राहत नाय. उद्या या. परवा बी या. रोज येऊन सांगा."