चवदा खांदे

"थांब म्हनतो ना! सेल्फ मारू नको!" देवलाकाका बोनेटखालून बोंबलला. पण रूपला ऐकतो कशाचा! त्यानं किल्ली फिरवली ती फिरवलीच. घर्रर्र, घर्रर्र. शिरपूर जैन मागं टाकून कोसभर आलेला तो म्हातारा ट्रक नुसता अंग हलवायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा.

"फिल्टर कोरडाच बसवला. त्याच्यात डिझेल भरलं नाही, हवा काढली नाही, अन् वरून बॅटरीचा जीव घेऊन राह्यला!" काका दाराशी आला. "पंपानं हवा धरली हाये, रूपल्या. हवेवर इंजन चालते काय बे?"

"टाइम नाही ना, काका!"

"म्हनूनच म्हनतो. घाई केली का अजून टाइम जाते."

रूपलानं अजून एकदा किल्ली फिरवली. या खेपेला घर्रर्रसुद्धा झालं नाही, नुसतं टक वाजलं. बॅटरी बसली. त्यानं स्टेअरिंगवर डोकं आपटलं आणि लहान लेकरासारखा हुंदका दिला.

त्याला तरी काय बोलणार? तिकडे मानोऱ्याजवळच्या तांड्यात त्याचा बाप अंगणात पडला होता. धनसिंग काल रात्री गेला. फाल्गुनाचं ऊन असलं, की मढं दुसरी रात्र काढत नाही. आणि तांड्यात माणूस कुठं होता? दिवाळी झाली तसा अख्खा तांडा ऊसतोडीला गेलेला. मागं राहिल्या म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. गडी म्हणायला तांड्याचा म्होरक्या तेवढा, खेमा नाईक, आणि त्याला स्वतःला उठायला दोघं लागतात. तिरडी उचलायला चार माणसं नाहीत, अशी गत.

बरं, सकाळी शेजारच्या गावातली माणसं आली होती. भली माणसं. "आमी उचलतो धनसिंगबाले," म्हणाली. खेमा नाईकानं फोन लावून विचारलं, तर या शहाण्यानं काय उत्तर द्यावं?

"नाईक, त्याइले वापस पाठवा. माह्या बाले तांड्याचेच खांदे लागतीन. चवदा मानसं घेऊन येऊन राह्यलो. दुपारी तीनले अंगनात उभा राह्यतो."

गावकरी बिचारे उठून गेले. तांड्याची रीतच आहे तशी. आपलं माणूस आपण उचलायचं. जिवंतपणी कुणाची चाकरी केली असेल ती केली, पण शेवटचं ओझं परक्यावर टाकायचं नाही. रीत खोटी नाही, पण ती पाळायला माणूस जागेवर लागतो ना, बाप्पा!

आणि ट्रक बंद पडला तो का, तर पाण्यानं. उसाच्या फडावर खोपीत दोन निळे कॅन, एक पाण्याचा, एक डिझेलचा. काल पाण्याचा टँकर आला तेव्हा भांडी पुरली नाहीत, म्हणून रूपलाच्या बायकोनं, बेबीबाईनं, रिकाम्या डिझेलच्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलं. रात्री खबर आली. तिनं रडत रडत पाणी ओतून दिलं आणि कॅन नवऱ्याच्या हाती दिला. त्यानंही आत डोकावलं नाही. दोन-चार लोटे पाणी तळाला तसंच राहिलं, वर डिझेल पडलं आणि सगळं टाकीत गेलं. शिरपूरच्या पुढं कोसभर ट्रक खोकत खोकत आला आणि एक वाजता मेला. टाकीच्या तळाचं पाणी काढलं, जवळच्या मालेगावहून मोटारसायकलवर नवा फिल्टर आणवला, तोवर साडेतीन झाले. आणि त्यावर ही घाई!

बेबीबाई रस्त्याच्या कडेला तोंडात पदर कोंबून बसली होती. मघाशी रूपला तिला नको ते बोलला होता. "माह्या बाचं मढं नासवलं तुनं," असं चारचौघांत.

तेवढ्यात वाशिमची एसटी दिसली. काकानं हात केला. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर म्हणाला, एखादा मावेल.

"जा रूपल्या," काका म्हणाला. "तू तरी तोंड पाह्य."

रूपलानं एसटीकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे. "मी एकटा जाऊन काय करू, काका? एका खांद्यावर जाते काय मानूस?"

एसटी निघून गेली.

मग मात्र काकानं त्याला बाजूला सारलं आणि सगळं रीतसर घेतलं. फिल्टर खोलून डिझेलनं काठोकाठ भरला, पुन्हा आवळला. वरचा स्क्रू पान्यानं ढिला केला. "चाल, मार हातपंप. सावकाश."

रूपला इंजनावरच्या डिझेलपंपाची मुंडी दाबू लागला. स्क्रूमधून आधी नुसती हवा फुसफुसली. मग पांढरा फेस आला. मग फेस आणि डिझेल, डिझेल आणि फेस. दाब, सोड. दाब, सोड. अंगठ्याची कातडी निघाली, तरी बुडबुडे थांबेनात.

"आता आवळू?"

"नाही. बुडबुडा दिसून राह्यला."

"काका, दिवस चालला!"

"चालला तं चालला. एक बुडबुडा राह्यला, तं पुढच्या चढावर पुन्हा मरते हे."

रूपला दाबत राहिला. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. शेवटी डिझेलची स्वच्छ सलग धार आली. काकानं चालू धारेतच स्क्रू आवळला.

बॅटरी तर मेलेली. काकानं हाक दिली, "लावा रे धक्का!" आणि ज्या चौदा खांद्यांची तांड्यात वाट बघत होते, ते चौदा खांदे ट्रकच्या मागं लागले. बेबीबाईही उठून लागली. दहा पावलं, वीस पावलं. रूपलानं गिअर टाकला. एक हिसका, काळा धूर, आणि इंजन असं गरजलं की माणसं ओरडलीच. साडेपाच वाजले होते.

निघता निघता रूपलानं फोन लावला. "नाईक, गावातल्या मानसायले बोलवा. माहं चुकलं."

"कोन्या तोंडानं बोलवू, बापू?" खेमा नाईक म्हणाला. "सकाळी आपूनच नाही म्हटलं. तुही माय म्हनते, आता कोनाले बोलवू नका."

पुढे रूपलानं ट्रक कसा हाकला ते त्यालाच ठाऊक. वाशिम गेलं, मंगरूळपीर गेलं. तांड्याच्या वळणावर आला तेव्हा दिवस बुडून आभाळ राखेसारखं झालं होतं. ओढ्याच्या काठाला जाळ दिसला. चांगला वर चढलेला जाळ.

चितेपाशी म्हाताऱ्या बसल्या होत्या. बाया मसणात येत नाहीत, आल्या होत्या. रूपलाची बारा वर्षांची लेक निता हातात मडक्याचं खापर धरून उभी होती. आग तिनंच दिली होती. बापाला पाहून तिनं तोंड फिरवलं.

रूपला आईच्या पायांवर कोसळला. लिलाबाईचा पदर खांद्यावरून सरकलेला, आणि त्या हाडाच्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता.

"याडी, तू उचललं बाले? तू?"

"मी, अन् ह्या तिघी." तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "उठ. रडू नको. आमाले जड नाही गेला तुहा बा. तुमी गेले तवापासून जेवतच नव्हता. बेजा हलका झाला होता."

"मले सांगतलं नाही कोनी!"

"तोच म्हने, पोराले सांगू नका. काम सोडून येईन."

मागं चौदा माणसं हात लोंबकळत सोडून उभी होती. देवलाकाकानं एक लाकूड उचललं, आणि जळत्या चितेवर आणखी लाकडाची गरज नव्हती, तरी हळूच नेऊन ठेवलं.